चित्र हललं, पण हललं कोण? मोबाईलवरून बटर पेपरवर डिझाईन उतरवताना येणारी नेहमीची कटकट

"ताई, मोर परत जाडा झाला."

माझ्या क्लासमध्ये आठवड्यातून एकदा तरी हे वाक्य कानावर येतं. मोराच्या जागी कधी कोयरी असते, कधी कमळ, कधी गळ्याभोवतीची वेल. मी आरी वर्क, म्हणजे आकडीच्या सुईने करायचं भरतकाम, शिकवते आणि ब्लाउजच्या ऑर्डरी घेते. हल्ली डिझाईनचं पुस्तक घेऊन कोणी येत नाही. नवरीची बहीण रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकते, खाली लिहिते "सेम असंच", आणि सकाळी कापड घेऊन दारात हजर. मग तो फोटो मोबाईलवर मोठा करायचा, वर बटर पेपर ठेवायचा आणि पेन्सिलीने गिरवायचं. काम दिसायला दहा मिनिटांचं. पण अर्ध्यावर आलं की चोच एकीकडे, मान दुसरीकडे.

मुली लगेच हाताला दोष देतात. "माझा हातच स्थिर नाही हो." अहो, हात थरथरला तर रेघ नागमोडी येते, मोर जाडा होत नाही. मोर जाडा होतो तेव्हा तुमच्या हाताखाली दुसरंच काहीतरी हललेलं असतं.

या कामात तीन गोष्टी एकावर एक असतात: पडद्यावरचं चित्र, त्यावरचा कागद आणि सगळ्यात वर तुमचा डोळा. तिघांपैकी कोणीही जागा सोडली की तक्रार एकच असते, "जुळत नाही". उपाय मात्र तिघांचे वेगळे. म्हणून होतं काय, चित्र हललेलं असताना बाई कागदाला आणखी चार चिकटपट्ट्या लावते, आणि बघण्याचा कोन चुकलेला असताना नवीन अ‍ॅप डाउनलोड करते. आधी चोर ओळखा.

मी हे शिकले ते नुकसान करून. कच्च्या रेशमाचा ब्लाउज, पाठीवर समोरासमोर दोन मोर. डावा मोर टॅबवरून काढला, उजवाही टॅबवरूनच काढला (हा मूर्खपणा का होता ते शेवटी सांगते). मध्येच कुठेतरी तळहात टेकला आणि चित्र जराससं मोठं झालं. मला कळलं नाही. जरदोसी भरून, ब्लाउज हँगरला लावून चार पावलं मागे गेले तेव्हा दिसलं की एक मोर उपाशी आणि एक जेवून आलेला. जरदोसी म्हणजे तारेची स्प्रिंग असते, उसवताना ती ताणली जाते आणि परत वापरता येत नाही. कच्च्या रेशमावर आरीची भोकंही राहतात. नवं कापड माझ्या खिशातून गेलं.

चोर पकडायच्या खुणा

गिरवायला सुरुवात करण्याआधी एक मिनिट द्या. कागद मोबाईलपेक्षा सगळीकडून दोन बोटं मोठा घ्या. कागद ठेवल्यावर मोबाईलचे समोरासमोरचे दोन कोपरे कागदावर काटकोनात आखून घ्या. मग चित्रातले तीन ठळक, एकमेकांपासून लांब असलेले बिंदू निवडा. मोर असेल तर डोळा, तुऱ्याचं टोक आणि पिसाऱ्याचं शेवटचं टोक. तिन्हींवर बारीक अधिकचं चिन्ह करा. आता कामाला लागा.

पुढे जुळेनासं झालं की हात थांबवा आणि खुणा बघा. कोपऱ्यांच्या खुणाच मोबाईलच्या कडेवरून सरकल्या असतील तर कागद हलला. कोपरे जागेवर आहेत पण अधिकची चिन्हं चुकली आहेत, तर चित्र हललं. त्यातही तिन्ही चिन्हं एकाच दिशेला सारखीच सरकली असतील तर चित्र नुसतं बाजूला गेलंय. चिन्हांमधलं अंतर बदललं असेल तर ते लहानमोठं झालंय. आणि खुर्चीवरून बघताना चुकलेलं सगळं उभं राहून बरोबर वरून बघितल्यावर जागेवर येत असेल, तर ना कागद हलला ना चित्र. तुम्ही हललात.

माझ्या क्लासपुरतं सांगायचं तर चित्र हलण्याची तक्रार सगळ्यात जास्त, म्हणून तिच्यावरच जास्त बोलते.

चित्र हलतं तेव्हा

"ताई, मध्ये कागद आहे ना, मग बोट लागतंच कसं?" लागतं. मोबाईलचा पडदा दाब ओळखत नाही. काचेखाली एक सूक्ष्म विद्युतक्षेत्र असतं, आणि आपलं अंग विजेचं वाहक असल्यामुळे बोट जवळ आलं की ते क्षेत्र बदलतं. कागदाची जाडी जेमतेम एक दशांश मिलिमीटर. ते क्षेत्र कागदातून आरामात आरपार जातं. साध्या लाकडी पेन्सिलीचं टोक बहुधा ओळखलं जात नाही, पण करंगळीच्या बाजूचा तळहात टेकला की पडद्याला वाटतं दोन बोटं आली, आणि चित्र ताणलं जातं. घामेजलेला हात असेल तर विचारूच नका.

आयफोन किंवा आयपॅड असेल तर तुमचा प्रश्न दोन मिनिटांत सुटतो. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत 'गाइडेड अ‍ॅक्सेस' नावाची सोय आहे, २०१२ सालापासून आहे. ती चालू करून पासकोड ठेवा. मग फोटो उघडा, बाजूचं बटण तीनदा दाबा (जुन्या यंत्रात खालचं गोल बटण), ऑप्शन्समध्ये जाऊन 'टच' बंद करा आणि सुरू करा. आता पडद्यावर हात टेका, कोपर टेका, चित्र ढिम्म हलणार नाही. काम झालं की पुन्हा तीनदा दाबून पासकोड टाकायचा. पासकोड लक्षात राहील असाच ठेवा. एकीने भलताच ठेवला आणि अर्धा तास फोनवर नुसता मोरच दिसत होता.

अँड्रॉइडवाल्यांची इथे एक हमखास फसगत होते. कोणीतरी सांगतं, "स्क्रीन पिन कर." तुम्ही सेटिंग्जमध्ये शोधून अ‍ॅप पिन करता, आणि चित्र तरीही हलतं. हलणारच. पिन केल्याने माणूस त्या अ‍ॅपच्या बाहेर जाऊ शकत नाही, एवढंच. अ‍ॅपच्या आत बोटं चालूच राहतात. लहान मुलाच्या हातात फोन देताना ही सोय बरी, आपल्या कामाची नाही.

स्पर्श बंद करणारी वेगळी अ‍ॅप्स मिळतात. मी वापरून सोडली. एक तर ती फोनच्या फार आतल्या परवानग्या मागतात, आणि ऐन गिरवताना जाहिरात उघडली की डोक्यात तिडीक जाते. त्यापेक्षा माझी युक्ती बघा. व्हिडिओ प्लेअरमध्ये बऱ्याचदा कुलपाचं चिन्ह असतं, व्हिडिओ बघताना चुकून बोट लागू नये म्हणून. ते कुलूप फोटोला मिळत नाही, व्हिडिओला मिळतं. मग फोटोचाच व्हिडिओ करायचा! हव्या त्या आकारात फोटो पडद्यावर उघडा, फोनचं स्क्रीन रेकॉर्डिंग चालू करा, दहा सेकंद हात न लावता थांबा, बंद करा. हा दहा सेकंदांचा, काहीच न घडणारा व्हिडिओ प्लेअरमध्ये लावा, 'रिपीट' करा आणि कुलूप घाला. व्हिडिओ चालू आहे म्हणून पडदाही झोपत नाही. एका दगडात दोन पक्षी, आणि खर्च शून्य.

आता आकाराबद्दल. दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि तसंच गिरवायला घेतलं, ही मूळ चूक. बोटांनी ठरवलेला आकार एकदा सुटला की परत तोच मिळत नाही. फोन आला, पडदा बंद झाला, फोटो परत उघडला, की तो पुन्हा मूळ मापावर. म्हणून एक सवय लावा: चित्र हवं तेवढं मोठं करा, काचेवर फूटपट्टी ठेवून मोजा, आणि तिथेच स्क्रीनशॉट काढा. पुढचं सगळं काम त्या स्क्रीनशॉटवर. स्क्रीनशॉट पडद्याएवढाच असतो, त्यामुळे पूर्ण पडद्यावर उघडला की दर वेळी त्याच मापाने उघडतो. काहीही बिघडलं तरी बंद करून परत उघडा, कागदावरची तीन चिन्हं जुळवा, पुढे चला. काही फोनमध्ये कॅमेऱ्याच्या खाचेमुळे स्क्रीनशॉट थोडा लहान उघडतो, म्हणून पट्टी एकदा पुन्हा लावून बघा. पट्टी हाताशी नसेल तर एटीएम कार्ड घ्या. सगळ्या बँकांचं कार्ड ८५.६ मिलिमीटर लांब आणि ५४ मिलिमीटर रुंद असतं, जगभर एकच माप.

काही वेळा कोणी हात न लावताही चित्र जातं. ऑटो रोटेट बंद करा, कारण टेबलावर आडवा ठेवलेला फोन जरा उचलला की चित्र गर्रकन फिरतं. स्क्रीन टाइमआउट जास्तीत जास्त करा. फ्लाइट मोड लावा, नाहीतर नेमकं डोळा काढताना सासूबाईंचा व्हिडिओ कॉल येतो. (हे उदाहरण काल्पनिक नाही.) आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या आतच उघडलेल्या फोटोवर कधी काम करू नका. आधी गॅलरीत सेव्ह करा.

यातलं काहीच जमत नसेल तर हात काचेपासून वर ठेवा. दुकानाच्या पाट्या रंगवणारे पेंटर हाताखाली काठी धरायचे ते आठवतंय? तसंच. टॅबच्या दोन्ही बाजूंना त्याच्याहून किंचित उंच पुस्तकं ठेवा आणि त्यांच्यावर आडवी जाड लाकडी पट्टी. मनगट पट्टीवर, पेन्सिलीचं टोक कागदावर. पहिल्या दिवशी अवघडल्यासारखं होतं. मला तर आता याच पद्धतीची सवय झाली आहे, कारण यात पेन्सिलीचा जोरही आपोआप कमी पडतो.

कागद हलतो तेव्हा

काच गुळगुळीत, बटर पेपर गुळगुळीत. सरकणार नाही तर काय? मास्किंग टेप घ्या, साधी पारदर्शक चिकटपट्टी नको, ती निघताना बटर पेपर फाडते. टेप काचेवर चिकटवू नका. कागदाच्या कडा मोबाईलच्या पाठीमागे दुमडून मागच्या बाजूला चिकटवा, पुस्तकाला कव्हर घालतो तसं. एका बाजूने आधी, मग कागद हाताने ताणत समोरच्या बाजूने.

मोबाईलचं कव्हर काढलंत का? नाही ना? कव्हरची कड काचेच्या वर येते, कागद त्या कडांवर तंबूसारखा उभा राहतो, आणि पेन्सिल टेकली की खाली दबतो. दर रेघेला थोडा थोडा सरकतो. कव्हर काढून फक्त एवढ्यानेच तक्रार बंद झालेल्या मुली माझ्याकडे आहेत.

पावसाळ्यात आणखी एक गंमत होते. बटर पेपर हवेतली ओल पटकन धरतो आणि फुगतो, लाटा पडतात. मग तो पूर्ण प्रकाशावर तापलेल्या पडद्यावर ठेवला की सुकतो आणि कडा वर वळतात. जून ते सप्टेंबर मी कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवते, आणि कामाआधी पाच मिनिटं चालू पडद्यावर नुसता पसरून ठेवते. त्याला काय आळोखेपिळोखे द्यायचे ते आधीच देऊन होऊ देत.

डोळा हलतो तेव्हा

याच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. चित्र काचेच्या खाली असतं, कागद वर. मधे फट आहे. समजा कव्हरच्या कडेमुळे कागद एक मिलिमीटर अधांतरी आहे आणि तुम्ही ४५ अंशांतून तिरकं बघताय, तर रेघ पूर्ण एक मिलिमीटर सरकलेली दिसते. एक मिलिमीटर म्हणजे जरदोसीची एक ओळ! काही स्वस्त टॅबमध्ये वरची काच आणि खालचा पडदा यांच्यातच हवेची फट असते, त्यांच्यावर हा फरक जास्त जाणवतो. टेम्पर्ड ग्लास लावलेली असेल तर तिची जाडी त्यात भर घालते.

पण खरी गडबड तिरकं बघण्याने होत नाही, बघण्याची जागा मध्येच बदलण्याने होते. सगळं चित्र एकाच तिरक्या जागेवरून काढलं तर सगळंच सारखं सरकेल, निभावून जाईल. आपण काय करतो, चहा येतो, खुर्ची मागे सरकते, दुसऱ्या बाजूने वाकतो, आणि राहिलेला अर्धा मोर वेगळ्याच कोनातून काढतो. मधोमध जोड चुकतो. म्हणून टॅब फिरवायचा, आपण फिरायचं नाही. जो भाग काढायचा तो नाकासमोर आणायचा, वरून सरळ बघायचं. बारीक कामाला एक डोळा मिटा.

कागद काचेला जितका घट्ट चिकटून, तितकी रेघ स्पष्टही दिसते. कारण फटीमध्ये प्रकाश पसरतो आणि रेघेची कड धूसर होते. काच खराब होऊ नये म्हणून एका मुलीने टॅबवर चक्क तीन मिलिमीटरची अ‍ॅक्रिलिक शीट ठेवली. स्पर्शाचा त्रास कमी झाला, पण खालचा मोर धुक्यात गेला.

दिसतच नाही त्याचं काय

कधी काही हलत नाही, फक्त दिसत नाही. ब्राइटनेस पूर्ण करा आणि आपोआप कमी-जास्त होण्याची सोय बंद करा. खोलीतला दिवा मालवा. कागदावर वरून पडणारा उजेड हा खालच्या उजेडाचा शत्रू, त्यामुळे भर दुपारी खिडकीत बसून हे काम होत नाही. नाइट मोड, डोळ्यांना आराम देणारी पिवळी छटा, सगळं बंद.

कागदाचं म्हणाल तर झेरॉक्सचा ७५ जीएसएमचा कागद चालून जातो, बटर पेपर उत्तमच. मुलांच्या ड्रॉइंगच्या वहीचा जाड कागद किंवा कार्डशीट असेल तर पडद्याचा प्रकाश कमीच पडणार. तिथे हट्ट करू नका. आधी बटर पेपरवर काढा, मागून टू-बी (मऊ शिशाची) पेन्सिल घासा आणि मग जाड कागदावर गिरवा. जाड कागदासाठी उलटी पद्धतही आता निघाली आहे: मोबाईल स्टँडवर किंवा उंच पेल्यावर आडवा ठेवायचा, कॅमेऱ्यातून खालचा कागद दिसतो आणि त्यावर अर्धपारदर्शक चित्र. आपण पडद्यात बघत कागदावर काढायचं. नवी वाटते, पण विल्यम वोलास्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने लोलक वापरून अशाच कल्पनेचं 'कॅमेरा ल्युसिडा' हे यंत्र १८०६ सालीच पेटंट केलं होतं. मला स्वतःला ते मोबाईलवालं जमत नाही. आपला हात पडद्यात किंचित उशिरा हलताना दिसतो आणि डोकं गरगरतं. भिंतीवर काढणाऱ्यांना जमत असेल.

फोटोही कधीकधी गिरवण्याजोगा नसतो. लाल ब्लाउजवर सोनेरी काम, वर फ्लॅश मारलेला. गॅलरीतल्या एडिटमध्ये आधी रंग काढून काळा-पांढरा करा, मग कॉन्ट्रास्ट वाढवा. आणि तो ब्लाउज कोणाच्या तरी अंगावर असेल तर लक्षात ठेवा, पाठीच्या गोलाईमुळे कडेची फुलं चिंचोळी दिसतात. ती तशीच उतरवली तर सपाट कापडावर वेडीवाकडी दिसतील. मधलं फूल गिरवा आणि तेच कडेला वापरा.

चित्र पडद्यात मावत नाही

साडेसहा इंची मोबाईल म्हटलं तरी ते माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं असतं. पडद्याची रुंदी जेमतेम ६८ मिलिमीटर, पावणेतीन इंचसुद्धा नाही. लांबी दीडशे मिलिमीटर. दहा इंची टॅब साधारण २१७ बाय १३६ मिलिमीटर, म्हणजे ए-फोर कागदाच्या अर्ध्याहून कमी. पाठीवरचं आठ इंचांचं डिझाईन उभ्या मोबाईलवर काढायचं म्हणजे तुकडे करणं आलं.

तुकडे बोटाने सरकवत काढू नका. एका मापावर चित्र मोठं करून आधीच सगळ्या भागांचे स्क्रीनशॉट काढून घ्या: सरकवा, स्क्रीनशॉट, सरकवा, स्क्रीनशॉट, मध्ये मोठं-लहान अजिबात करायचं नाही. प्रत्येक दोन तुकड्यांत अर्धा इंच भाग सामाईक ठेवा, आणि त्या सामाईक भागात दोन तरी ठळक बिंदू असू देत. एकाच बिंदूवर जुळवलं तर कागद त्याभोवती फिरतो. दोन बिंदू जुळले की तो बांधला जातो.

तीनपेक्षा जास्त तुकडे होत असतील तर माझं ऐका, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जा. त्याला इंचात माप सांगून प्रिंट काढा, प्रिंट खिडकीच्या काचेवर लावा आणि वर बटर पेपर. अर्ध्या तासाची कटकट वाचते. मला वाटायचं की हे म्हणजे हार मानणं. आता वाटत नाही.

लॅपटॉपबद्दल विचारतात. साध्या लॅपटॉपला स्पर्श कळत नाही, चित्र हलत नाही, पडदाही मोठा. पण बऱ्याच लॅपटॉपच्या पडद्यावर मोबाईलसारखी कडक काच नसते, मऊ थर असतो. पेन्सिल दाबली की रंगांच्या लहरी उठतात ना, ते त्याचं ओरडणं समजा. टीव्हीचंही तेच. घरातल्या टीव्हीवर कागद चिकटवून गणपतीचं डिझाईन काढायचा बेत एका मुलीने सांगितला तेव्हा मी हातच जोडले.

मोबाईलच्या काचेची काळजी मात्र लोक चुकीच्या कारणाने करतात. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट फार मऊ असतं, त्याने काचेवर ओरखडा उठत नाही. ओरखडा उठतो तो कागदाखाली अडकलेल्या धुळीच्या कणाने, कारण वाळूतला क्वार्ट्झ काचेपेक्षा कडक असतो. म्हणून आधी काच आणि कागदाची खालची बाजू मऊ फडक्याने पुसा. वर ओएचपी शीट (पातळ पारदर्शक प्लॅस्टिक) ठेवली तर उत्तम, ती इतकी पातळ असते की फट वाढत नाही. टोक बोथट केलेली टू-बी वापरा. क्लिकची बारीक पेन्सिल आणि बॉलपेन या कामातून बाद. टोचणी, म्हणजे कापडावर छापण्यासाठी रेघांवर सुईने भोकं पाडणं, तर पडद्यावर मुळीच नाही! रेघा काढून झाल्या की कागद उचलून घडी घातलेल्या चादरीवर ठेवायचा आणि मग टोचायचा.

बटर पेपरवर बरोबर, कापडावर चूक

ही तक्रार आली तर पडद्याला सोडा, त्याचं काम संपलंय. आपल्याकडे टोचलेल्या कागदावरून रॉकेलमध्ये कालवलेली पूड फिरवतात, गडद कापडाला झिंक पावडर, फिक्याला नीळ. मुघल आणि राजस्थानी लघुचित्रकार रेघेवर भोकं पाडून त्यातून कोळशाची पूड झाडायचे, त्या कागदाला खाका म्हणत. सरकारी योजनेचा खाका तयार होतो तोच शब्द. फारसीत खाक म्हणजे धूळ. योजनांच्या बाबतीत पुढे काय बोलणार.

मिश्रण पातळ झालं की ते भोकाखाली पसरतं आणि बारीक मोर जाडा दिसतो. बोळा पिळून घ्या, जवळपास कोरडा, आणि गोल न फिरवता एकाच दिशेने ओढा. हे काम गॅसजवळ करायचं नाही, खिडकी उघडी ठेवायची. कापड फ्रेमवर ताणल्यावरच छापायचं. आधी छापून मग ताणलं तर चित्र कापडाबरोबर ताणलं जातं, आणि सगळी मेहनत पाण्यात.

आता तो दोन मोरांचा मूर्खपणा. टॅबवरून मोर एकदाच काढायचा असतो. टोचलेल्या कागदाची भोकं दोन्हीकडून उघडी असतात. मागचा खरखरीतपणा बारीक घासकागदाने हलका घासला की कागद दोन्ही बाजूंनी चालतो. डावा मोर छापा, कागद फडक्याने पुसा, पालथा घाला, उजवा छापा. दोन्ही बाह्यांचंही तसंच. त्या ऑर्डरनंतर मी समोरासमोरची जोडी कधीही दोनदा गिरवलेली नाही, आणि तो जेवून आलेला मोर कापून घेऊन क्लासच्या दाराशी टाचून ठेवलाय. नवीन मुलगी आली की विचारते, "ताई, हा एकच का?"